‘देशी’ झाडे आणि ‘देशी’ शब्द

मराठीच्या अभ्यासकाला ‘देशी’ हा शब्द नवा नाही. तत्सम, तद्भव आणि देशी ही शब्दांची विभागणी प्राकृत वैयाकरणांपासून चालत आलेली आहे, आणि बाराव्या शतकात हेमचंद्राने ‘देशीनाममाला’ रचून तिसऱ्या वर्गाला स्वतंत्र कोशाची प्रतिष्ठा मिळवून दिली. अलीकडे हाच शब्द निराळ्या क्षेत्रात फार ऐकू येतो. रोपवाटिकांच्या पाट्यांवर, वृक्षलागवडीच्या याद्यांत, शाळांच्या उपक्रमांत ‘देशी झाडे लावा’ असा आग्रह सर्वत्र आढळतो. आग्रह योग्य आहे, यात संशय नाही. परंतु एखादे झाड देशी की परके हे ठरवताना सामान्य वाचकच काय, पुष्कळदा भाषेचे व वाङ्मयाचे जाणतेही झाडाकडे न पाहता त्याच्या नावाकडे पाहतात. नाव संस्कृत किंवा पौराणिक वळणाचे असले की झाड देशी, आणि फारसी-पोर्तुगीज वळणाचे असले की परके, असा एक अलिखित नियम रूढ झालेला दिसतो. हा नियम कितपत साधार आहे आणि तो रूढ होण्यात आपल्या कोशकारांचा व टीकाकारांचा वाटा किती, याचा विचार येथे करावयाचा आहे.

प्रथम हे ध्यानात घेतले पाहिजे की, व्याकरणातील ‘देशी’ ही संज्ञा मुळात अभावात्मक आहे. ज्या शब्दाची सिद्धी संस्कृतापासून नियमाने करता येत नाही तो देशी. ‘या भूमीत उपजलेला’ असा तिचा अर्थ नव्हे. व्युत्पत्ती सांगता येत नाही, एवढेच तिचे तात्पर्य. म्हणूनच हेमचंद्राने देशी म्हणून नोंदवलेले अनेक शब्द पुढील संशोधकांना तद्भव म्हणून दाखवता आले. उलट, अस्सल संस्कृत वाटणारी कित्येक वनस्पतिनामे संस्कृताने इथल्या लोकांच्या तोंडून उचललेली आहेत. ‘चंदन’ आणि ‘केतक’ ही त्याची ठळक उदाहरणे होत. टी. बरो यांनी संस्कृत भाषेवरील आपल्या १९५५ च्या ग्रंथात संस्कृतातील द्राविड शब्दांची जी यादी दिली तीत हे दोन्ही शब्द आहेत. मलयाळममधील ‘कैत’ आणि कन्नडातील ‘केदगे’ ही केतकाची नातलग रूपे. म्हणजे झाड देशी खरेच, पण त्याचे नाव संस्कृत असल्यामुळे ते देशी ठरते असे नव्हे. संस्कृत बोलणारे या भूमीत आले तेव्हा झाड होते आणि त्याला नावही होते.

आता तत्सम आणि तद्भव यांच्याकडे वळू. या बाबतीत मराठीने एक विलक्षण पुरावा जपून ठेवला आहे, आणि त्याकडे जितके लक्ष जावयास हवे होते तितके गेलेले नाही. ‘कदंब’ हा शब्द घ्या. हेमचंद्राने आपल्या प्राकृत व्याकरणात या शब्दातील ‘द’चा विकल्पाने ‘ल’ होतो असे सूत्र देऊन ‘कलंब’ आणि ‘कयंब’ अशी दोन रूपे सिद्ध केली आहेत. त्यांतील ‘कलंब’ मराठीत ‘कळंब’ झाले. यवतमाळ आणि धाराशिव या दोन्ही जिल्ह्यांत कळंब नावाची गावे आहेत. ध्वनिपरिवर्तनाच्या दृष्टीने प्रकरण येथेच संपते, आणि आपली व्युत्पत्तीची पुस्तके ते येथेच संपवतात. परंतु रानात गेल्यावर असे दिसते की, मराठी माणूस ज्याला कळंब म्हणतो ते झाड आणि ज्याला कदंब म्हणतो ते झाड, ही दोन आहेत. कदंब म्हणजे मोठ्या पानांचा, ओल्या प्रदेशात झपाट्याने उंच जाणारा, लाडवाएवढ्या केशरी गोंड्यांचा वृक्ष. कळंब म्हणजे पानझडी रानात आणि ओढ्याकाठी वाढणारे, लहान फिकट गोंड्यांचे, चिवट लाकडाचे झाड. वनस्पतिशास्त्राच्या मते पहिला निओलामार्किया, दुसरा मित्रगायना. कुळ एक, जाती भिन्न.

हे कसे घडले? निघंटूंमध्ये धाराकदंब, धूलिकदंब, भूमिकदंब असे प्रकार सांगितलेले आहेत. त्यावरून संस्कृतातही ‘कदंब’ हे एका झाडाचे नाव नसून सारख्या गोंड्यांच्या झाडांच्या एका गटाचे नाव होते, असे अनुमान करावयास हरकत नाही. या गटातील जे झाड घाटावरच्या माणसाला रोज दिसत होते, ज्याचे लाकूड तो वापरीत होता, त्याच्याबरोबर शब्दही रोज तोंडात राहिला, झिजला आणि कळंब झाला. गटातील दुसरे झाड कृष्णकथेतून, काव्यातून आणि देवळाच्या आवारातून पुन्हापुन्हा परिचयाचे होत गेले. त्याच्याबरोबर ग्रंथातला शब्द अखंड रूपात आला. तद्भव शब्द हा अखंड सहवासाचा दाखला असतो. तत्सम शब्द तसा असेलच असे नाही. तो मधली हजार वर्षे पोथीत काढून अलीकडे झाडावर येऊन बसलेला असू शकतो.

‘सप्तपर्ण’ आणि ‘सातवीण’ यांचा प्रकार याहून खेदजनक म्हटला पाहिजे, कारण तेथे दोन्ही नावे एकाच झाडाची आहेत आणि तरीही ती एकमेकांना ओळखत नाहीत. सप्तपर्णीपासून सातवीण होणे सरळ नियमाला धरून आहे. कोकणातला शेतकरी सातवीण जाणतो. शहरांच्या रस्त्यांवर गेल्या काही दशकांत हेच झाड ओळीने लावले गेले, पण त्याला नाव दिले गेले ‘सप्तपर्णी’. ऑक्टोबर-नोव्हेंबरात त्याचा उग्र वास रात्री पसरू लागला की, हे कुठले परदेशी झाड आणले म्हणून तक्रारी होतात. कालिदासाने रघुवंशाच्या चौथ्या सर्गात शरद ऋतूचे वर्णन करताना सप्तपर्णाच्या गंधाची सांगड हत्तीच्या मदगंधाशी घातली आहे. ज्याने सातविणीखालून शरदातल्या रात्री वाट काढली आहे त्याला हा संकेत वाटणार नाही. ते निरीक्षण आहे. आमच्या टीकाग्रंथांतून मात्र याची बोळवण ‘कविसंकेत’ या एका शब्दात होत आली आहे.

कविसंकेताचा विषय निघालाच आहे तर अशोकाचा उल्लेख टाळता येत नाही. मालविकाग्निमित्राच्या तिसऱ्या अंकात अशोकाला फुले यावीत म्हणून मालविका त्याला पायाने स्पर्श करते, हा प्रसंग पदव्युत्तर वर्गात शिकवला जातो. विद्यार्थ्याला अशोक दाखवावयास सांगावे. तो कुंपणालगत ओळीने उभ्या असलेल्या, लांब लोंबत्या पानांच्या, सरळसोट झाडाकडे बोट दाखवतो. त्या झाडाची फुले हिरवट असतात आणि पानांतून मुद्दाम शोधावी लागतात. कोणा राणीने त्यासाठी नूपुर घालून चरणप्रहाराची व्यवस्था केली असेल, असे वाटत नाही. कालिदासाचा अशोक निराळा. सीतेचा अशोक किंवा लाल अशोक म्हणून तो ओळखला जातो, आणि त्याचे केशरी-तांबडे घोस जून फांद्यांवरही फुटतात. कुंपणावरचा उंच अशोक दक्षिण भारत व श्रीलंका येथला. तोही एका अर्थी देशीच. पण महाराष्ट्रात तो आपण होऊन वाढत नाही, आणि ज्या नावावर तो पूजनीय झाला ते नाव त्याचे नाही. येथे नुसते झाड चुकत नाही, नाटकातील प्रसंग चुकतो. संपादित आवृत्त्यांच्या टिपांत ‘अशोक : वृक्षविशेष’ एवढेच लिहिलेले असेल तर विद्यार्थ्याने दुसरे काय करावे?

याच्या उलट बाजूची उदाहरणे बहुतेकांना ठाऊक आहेत, म्हणून ती थोडक्यात सांगतो. सीताफळ व रामफळ अमेरिकेतून आले. प्राचीन शिल्पांत सीताफळ कोरलेले दिसते असा पक्ष मांडला गेला आहे, तथापि खवल्याखवल्यांचे वाटोळे फळ एवढ्या साधनावर तो उभा आहे, आणि अमरकोशात किंवा चरकसंहितेत या फळाचा पत्ता नाही. ‘पेरू’चा त्या नावाच्या देशाशी संबंध नसून तो नाशपतीच्या पोर्तुगीज नावापासून आला. ‘काजू’ आणि ‘अननस’ हे शब्द ब्राझीलच्या तुपी भाषेतून पोर्तुगिजांमार्फत पोचले. ‘भुईमूग’ या शब्दात परकी अशी एकही मात्रा नाही, पण ते पीक दक्षिण अमेरिकेचे. ‘मिरची’चे उदाहरण भाषाशास्त्राच्या दृष्टीने अधिक सुबक आहे: ‘मरिच’ हे मूळचे मलबारी मिऱ्याचे नाव, नवे तिखट आले तेव्हा त्याच शब्दापासून स्त्रीलिंगी रूप घडून ते नव्याला मिळाले, आणि जुन्याकडे ‘मिरे’ राहिले. कर्दळीच्या बाबतीत तर शास्त्रीय लॅटिन नावही फसवे आहे. ‘कॅना इंडिका’ मधील ‘इंडिका’ पश्चिमेकडच्या इंडीजची.

‘चाफा’ या शब्दाजवळ मात्र थोडे थांबले पाहिजे. चंपकापासून आलेला हा शब्द मुळात सोनचाफ्याचा. परंतु मराठीने त्याला विशेषनाम राहू दिले नाही, जातिवाचक केले. नागचाफा, हिरवा चाफा, भुईचाफा, कवठी चाफा, देवचाफा अशी एक प्रशस्त वसाहत या एका शब्दाभोवती उभी राहिली. वनस्पतिशास्त्रज्ञाच्या दृष्टीने हे पाच वेगळ्या कुळांतील अथवा प्रजातींतील नमुने आहेत. भुईचाफा तर आले-हळदीच्या कुळातला, त्याचे झाड म्हणावयासही जागा नाही. मग मराठी माणसाने त्यांना एका नावाखाली का आणले? गंध आणि फूल वाहण्याची रीत, हे त्याचे उत्तर असावे असे मला वाटते. फुलाची घडण नव्हे, फुलाचा उपयोग हा येथे वर्गीकरणाचा निकष आहे. आपल्या भाषेतल्या लोकवर्गीकरणाचा हा इतका उघड नमुना असता त्यावर आमच्या विभागांतून प्रबंध लिहिले गेले नाहीत, याचे नवल वाटते.

यांपैकी देवचाफा, ज्याला खुरचाफाही म्हणतात, मध्य अमेरिका आणि कॅरिबियन बेटे यांकडून आलेला आहे. देवळांच्या आवारात आणि स्मशानांजवळ तो इतका रुळला आहे की, त्याचे परकेपण कोणाला सांगूनही पटत नाही. अलीकडचे काही अतिउत्साही लोक तो काढून टाकावा असे म्हणतात. मला हे म्हणणे पटत नाही. वनस्पतीचे देशीपण आणि संस्कृतीतले देशीपण या दोन गोष्टी भिन्न आहेत, आणि दुसरे पहिल्याने खोडले जात नाही. देवचाफा रानात घुसून कारवी हटवीत नाही. त्याला ‘चाफा’ म्हणण्यात मराठीने काही खोटे सांगितले नाही. वर्ग उपयोगाचा होता, आणि त्या वर्गात तो बसतो.

खोटे सांगितले जाते ते निराळ्या ठिकाणी. मेक्सिको व मध्य अमेरिकेतील ग्लिरिसिडिया हे झाड हिरवळीच्या खतासाठी व कुंपणासाठी महाराष्ट्रात सर्वत्र लावले गेले. त्याच्या लॅटिन नावाचा अर्थ ‘उंदीर मारणारी’. कोकणात त्याला ‘उंदीरमारी’ म्हणतात. हे नाव त्या अर्थाला धरून आहे आणि झाडाची साल व बी विषारी असल्याची खूणही त्यात आहे. परंतु शेतीविषयक पत्रकांत व पुस्तिकांत रूढ झालेले नाव ‘गिरिपुष्प’. लॅटिन उच्चाराचा नाद पकडून त्यावर संस्कृत अर्थ बसवलेला हा शब्द. युक्ती म्हणून ती चांगली आहे. परिणाम असा की, मेक्सिकोतील झाडाला दोन अक्षरी ‘गिरि’ने सह्याद्रीचे रहिवासी करून टाकले. १९७० च्या दशकात चारा व सरपण यांसाठी पसरवलेल्या ल्युसिनाला बाभळीच्या नावापुढे ‘सु’ लावून ‘सुबाभूळ’ केले गेले, त्याचीही हीच गत. आता याच्या शेजारी लोकांनी आपण होऊन ठेवलेली नावे मांडून पाहा: ‘वेडी बाभूळ’, ‘रानमोडी’, ‘घाणेरी’. ही तिन्ही झाडेझुडपे अमेरिकेकडची. नाव ठेवणाऱ्याला त्यांचा मूळ देश ठाऊक नव्हता, पण वागणूक ठाऊक होती. रान मोडते म्हणून रानमोडी. जो अभिप्राय परिसरशास्त्राने पुढे शेकडो निबंधांतून दिला तो एका समासात आलेला आहे. कार्यालयात घडलेले नाव प्रशस्तिपत्रक देते आणि बांधावर घडलेले नाव साक्ष देते, असा हा फरक आहे. २०१६ ते २०१९ या वर्षांत महाराष्ट्रात कोट्यवधी रोपांच्या लागवडीच्या मोहिमा झाल्या. अशा वेळी यादीतले नाव वाचून रोप देशी की परके हे ठरवणारा माणूस ‘गिरिपुष्प’ला उजव्या हाताला आणि ‘उंदीरमारी’ला डाव्या हाताला ठेवील, आणि झाड तर एकच आहे.

येथे कोशकाराचे काम सुरू होते, किंवा व्हावयास हवे होते. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ मध्ये निघाला, त्याची वाढवलेली आवृत्ती १८५७ मध्ये. त्यात पुष्कळ वनस्पतींना लॅटिन नावे दिलेली आहेत, आणि पुष्कळांपुढे ‘एक झाड’, ‘एक झुडूप’ या अर्थाची मोघम नोंद आहे. त्या काळी हे क्षम्य होते. दाते-कर्वे यांच्या महाराष्ट्र शब्दकोशाचे खंड १९३२ ते १९३८ या काळात निघाले. तोपर्यंत कुकची मुंबई इलाख्याची वनस्पतिसूची १९०८ मध्ये पूर्ण होऊन तीस वर्षे होत आली होती, आणि तीत लॅटिन नावाशेजारी स्थानिक नावेही होती. शब्दकोशातील व्युत्पत्तीचे आणि वाक्प्रचारांचे भांडार मोठे आहे हे मान्य करूनही असे म्हणावे लागते की, वनस्पतींच्या बाबतीत त्याने अनेक ठिकाणी ‘एक झाड’ हीच परंपरा पुढे चालवली. दोष एकतर्फी नाही. कुकची स्थानिक नावे रोमन लिपीत असल्यामुळे ‘ल’ की ‘ळ’, ‘न’ की ‘ण’ हे त्यांवरून कळत नाही. शास्त्रज्ञाकडे झाड होते, शब्द धड नव्हता. कोशकाराकडे शब्द होता, झाड नव्हते.

आणि तरीही हे दोन्ही एकत्र आणण्याचा प्रघात या किनाऱ्यावर फार जुना आहे. गार्सिया द ओर्ता याने १५६३ मध्ये गोव्यात छापलेल्या आपल्या संवादग्रंथात औषधींची नावे निरनिराळ्या भाषांतून दिली, आणि पारिजातकाच्या प्रकरणात नावामागची सूर्यावर भाळलेल्या कन्येची कथाही नोंदवली. त्यानंतर शंभर वर्षांनी कोचीनचा डच अधिकारी व्हान रेडे याने मलबारच्या वनस्पतींवर ‘होर्तुस मलाबारिकुस’ हा बारा खंडांचा ग्रंथ सिद्ध केला. तो अ‍ॅमस्टरडॅम येथे १६७८ ते १६९३ या काळात प्रसिद्ध झाला. त्याचे प्रमुख माहीतगार इट्टी अच्युतन हे मल्याळी वैद्य, आणि रंगभट, विनायक पंडित व अप्पुभट हे कोचीनमधील तीन कोकणी ब्राह्मण वैद्य. या तिघांचे २० एप्रिल १६७५ चे प्रमाणपत्र नागरी लिपीत, कोकणी भाषेत पहिल्या खंडात छापलेले आहे. पुष्कळ चित्रांवर त्या वनस्पतीचे नाव मलयाळम, अरबी आणि नागरी अक्षरांत कोरलेले आहे. झाडाचे चित्र, लोकांतले नाव त्या त्या लिपीत, आणि सांगणाऱ्याची सही, या तिन्ही गोष्टी एकत्र असल्यामुळे लिनियसला पाऊणशे वर्षांनी त्यावर विसंबता आले. बकुळीच्या शास्त्रीय नावातील ‘एलेंगी’ हे मलयाळम नाव या ग्रंथातूनच गेले आहे. कोकणीतील ‘ओवळ’ला तो मान मिळाला नाही, हा योगायोग. सतराव्या शतकातील वैद्यांनी दिलेल्या साक्षीच्या तुलनेत विसाव्या शतकातील ‘एक झाड’ ही पीछेहाट आहे, असे म्हटले तर कठोर होईल, पण अन्याय होणार नाही.

नावे कधीच साक्ष देत नाहीत, असा याचा अर्थ कोणी घेऊ नये. ग्रामनामे ती देतात, कारण त्यांना खुशामत करावयाची नसते. पिंपळगाव, उंबरगाव, बाभूळगाव, चिंचवड, पळसदरी, जांभूळवाडी यांत एक जुने रान साठवलेले आहे. चिंचेचे मूळ आफ्रिकेत मानले जाते. पण चिंचवडसारखी नावे पाहता ती इथे किती खोल मुरलेली आहे हे कळते. सीताफळाच्या किंवा गुलमोहराच्या नावाचे जुने गाव माझ्या पाहण्यात नाही. तालुकावार ग्रामनामे घेऊन त्यांतील वनस्पती आणि आज तेथे आढळणाऱ्या वनस्पती यांची तुलना करणे हे एखाद्या विद्यार्थ्याला दोन वर्षे पुरेल असे काम आहे.

शेवटी एक नोंद, कोशकारांच्या विचारासाठी. सह्याद्रीच्या उतारांवर माजणारी, सुमारे सात-आठ वर्षांनी एकदाच फुलून वाळून जाणारी कारवी सर्वांना माहीत आहे. तिच्या काठ्यांच्या कुडांवर शेणमातीचा गिलावा करून घाटाखालची घरे उभी राहिली. अमरकोशातही ‘कारवी’ आहे, आणि ते काळ्या जिऱ्यासारख्या मसाल्याच्या बियांचे नाव आहे. ‘कारवी : एक झाड, सं. कारवी’ एवढीच नोंद केली की, व्युत्पत्ती मिळते, शब्द तत्सम ठरतो, सर्व काही नियमात बसते, आणि डोंगरावरचे झुडूप वाण्याच्या दुकानात जाऊन पडते. मराठी कारवीचा त्या बियांशी काही संबंध दाखवता येत नाही. हेमचंद्राच्या अर्थाने ती देशीच राहते. ब्रेमेकांप या डच वनस्पतिशास्त्रज्ञाने १९४४ मध्ये तिच्यासाठी स्वतंत्र प्रजाती कल्पिली, तेव्हा त्याने संस्कृतात किंवा ग्रीकमध्ये शोध केला नाही. त्याने तिला ‘कार्व्हिया’ म्हटले.